निसटलेली चप्पल आणि पेशीतली परांची

गेल्या वर्षीच्या श्रावणातली ही गोष्ट आहे. माझ्या पत्नीच्या केमोथेरपीचा सातवा आठवडा नुकताच पार पडला होता. सलाईन संपले, हातावर पट्टी बांधून झाली आणि आम्ही दोघे सावकाश चालत रुग्णालयाच्या दाराशी आलो. तेवढ्यात मागून रखवालदाराने हाक मारली, "काका, काकूंची चप्पल राहिली!" वळून पाहिले तर वीसएक पावले मागे, लिफ्टपाशी, तिची डावी चप्पल पालथी पडली होती. मी तिच्या पायांकडे पाहिले. डावा पाय अनवाणी होता. मी बोट दाखवीपर्यंत तिला ते कळलेच नव्हते.

रिक्षात बसल्यावर मी विचारले, "केव्हापासून?" ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "तिसऱ्या सलाईनपासून बोटांना मुंग्या येताहेत. आता तळपायाखाली सारखा कापूस अंथरल्यासारखं वाटतं. पण अहो, डॉक्टरांना सांगू नका. औषध कमी करतील."

तिची भीती मला परकी नव्हती. आमच्या पिढीने "औषधाचा कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडू नका" हे वाक्य आयुष्यभर ऐकले आहे. त्यात तिच्या स्तनातील गाठ काढताना काखेतल्या दोन ग्रंथींतही कर्करोगाच्या पेशी सापडल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर आधी चार वेळा लाल रंगाचे औषध झाले आणि पुढे दर आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल या औषधाचे बारा डोस ठरले. बारा म्हणजे बारा झालेच पाहिजेत, एकही कमी पडता कामा नये, असा तिने जणू नेम धरला होता.

घरी आल्यावर मी मागचे दिवस आठवू लागलो आणि मला माझीच लाज वाटली. तिने फुलवाती करणे केव्हाच सोडले होते. "डोळे थकले आता," असे ती म्हणाली होती आणि मी ते मान्य करून टाकले होते. गाऊनची बटणे लावायला तिला वेळ लागत असे. एकदा दुधाचे पातेले सांडशीशिवाय उतरवल्याने हाताला आलेला फोड तिला संध्याकाळी दिसला होता. या साऱ्या खुणा माझ्यासमोर होत्या. पस्तीस वर्षे बांधकाम खात्यात काढून, भिंतीतली बारीक चीर लांबून ओळखणारा मी, त्या खुणा मात्र वाचू शकलो नव्हतो.

पुढच्या भेटीत मी तिच्या देखतच डॉक्टरीणबाईंना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. तिच्या बोटांना कापूस लावून, मग बोथट टोक टेकवून त्यांनी तपासणी केली आणि एवढेच म्हणाल्या, "काकू, हे मला चार आठवड्यांपूर्वी कळायला हवं होतं." त्या विकाराचे नाव न्यूरोपॅथी, म्हणजे मज्जातंतूंना झालेली इजा. पॅक्लिटॅक्सेलचा हा सर्वांत ओळखीचा त्रास आहे, असेही त्यांनी सांगितले.

माझ्या मनात एक प्रश्न होता, तो मी विचारला. केमोचे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारते असे आम्हाला आरंभीच समजावले होते. केस का गळतात, तोंड का येते, रक्तातल्या पेशी का उतरतात, याचे उत्तर त्यातच मिळाले होते. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात पेशी सतत विभागत असतात. पण मज्जातंतूंच्या पेशी तर एकदा घडल्या की विभागत नाहीत. मग त्यांना हे औषध का बाधावे?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, हे औषध पेशीच्या वेगावर घाव घालत नाही, तिच्या सांगाड्यावर घालतं. आणि तो सांगाडा सगळ्यांच पेशींचा असतो." एका कोऱ्या कागदावर त्यांनी एक शब्द लिहून दिला: ट्यूब्युलिन. त्या कागदाने मला पुढचे कित्येक महिने पुरेल एवढा अभ्यास दिला. त्यातले जे समजले आणि जे आमच्या उपयोगी पडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, अशी आपल्यापैकी अनेकांची शाळेपासूनची समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांचा एक सांगाडा असतो. त्यात तीन प्रकारचे धागे असतात. ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे पेशीला कडेने आकार देतात, दोरखंडासारखे मधल्या जाडीचे धागे तिला ताण सोसण्याचे बळ देतात आणि तिसरा प्रकार पोकळ नळ्यांचा असतो. त्या सूक्ष्मनलिका ट्यूब्युलिनच्या बनलेल्या असतात. अल्फा आणि बीटा अशा दोन ट्यूब्युलिनची जोडी ही त्यांची वीट. अशा विटांच्या साधारण तेरा उभ्या ओळी एकमेकींना चिकटून वर्तुळ करतात आणि नळी तयार होते. तिचा व्यास अवघा २५ नॅनोमीटर. सुमारे तीन हजार नळ्या शेजारी शेजारी मांडल्या तर माणसाच्या एका केसाची जाडी भरेल.

सांगाडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हाडे येतात, पण या नळ्या हाडांसारख्या कायमच्या नसतात. मला त्या वाचता वाचता बांधकामावरची परांची आठवली. आज पूर्वेच्या भिंतीला बांबू बांधायचे, उद्या सोडवायचे आणि तेच पश्चिमेला उभारायचे. सूक्ष्मनलिकांचेही तसेच असते. एका टोकाला विटा चढत जातात, नळी लांब होते आणि मध्येच ढासळून पुन्हा सुट्या विटा होतात. टिम मिचिसन आणि मार्क कर्श्नर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हा उभारणी-मोडणीचा खेळ दाखवून दिला. या नळ्यांची सारी उपयुक्तता त्यांच्या या अस्थिरपणात आहे. परांची सोडवता आली नाही, तर पुढचे काम उभेच राहत नाही.

आता गाठ कशी वाढते ते पाहू. एका पेशीच्या दोन व्हायच्या असतात तेव्हा आधी तिच्या ४६ गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार होते. मग या नळ्या नव्याने रचल्या जातात आणि सूतकताईच्या चातीसारखी, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती, अशी एक रचना उभी राहते. प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत एका टोकाकडे, दुसरी दुसऱ्या टोकाकडे ओढली जाते. ओढण्याचे काम नळ्या लांब-आखूड होण्यातून घडते. आपल्या शरीरात हे प्रत्येक क्षणी चालू आहे. जखम भरते ती यामुळेच. कर्करोगाची पेशी यासाठी कोणतेही नवे यंत्र निर्माण करीत नाही. तिच्या जनुकांत बिघाड झालेला असतो, थांबण्याची सूचना तिला ऐकू येत नाही आणि आपलीच ही परांची ती पुन्हा पुन्हा उभारत राहते. ट्यूब्युलिन कर्करोगाचे कारण नाही. ते त्याच्या हाती लागलेले साधन आहे.

या साधनावर घाव घालणारी औषधे माणसाला वनस्पतींनी दिली आणि त्यांतल्या एका वनस्पतीला आपण रोज पाणी घालतो. आपल्या अंगणातली सदाफुली! मूळची मादागास्करची ही वनस्पती अनेक देशांत मधुमेहावरचा घरगुती उपाय म्हणून वापरली जात होती. कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे १९५० च्या दशकात तिचा अर्क उंदरांवर तपासत होते. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र भराभर कमी झाल्या. तिथूनच व्हिनब्लास्टिन हाती आले आणि पुढे अमेरिकेत व्हिनक्रिस्टिन. ही दोन्ही औषधे ट्यूब्युलिनच्या विटांना धरून ठेवतात. परांचीसाठी बांबूच मिळू नयेत, असा हा प्रकार. रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगांत ती आजही वापरली जातात.

इथे एक कळकळीची विनंती करतो. हे वाचून कुणी सदाफुलीचा काढा करू नये. मधुमेहासाठी तिची पाने चघळणारी ज्येष्ठ मंडळी मी पाहिली आहेत. पाल्यात ही द्रव्ये अत्यल्प असतात, इतकी की ग्रॅमभर व्हिनक्रिस्टिनसाठी प्रचंड प्रमाणात वाळलेला पाला लागतो. त्यामुळे त्या पानांनी कर्करोग बरा होत नाही. मात्र ती वनस्पती विषारी आहे आणि घरच्या काढ्यात कोणते विष किती उतरले, हे मोजण्याचे साधन आपल्यापाशी नसते.

पॅक्लिटॅक्सेलची कथा आणखी वेगळी आहे. १९६२ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीचे नमुने गोळा केले गेले. ते पुढे नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत पोहोचले आणि मन्रो वॉल व मनसुख वाणी या दोघांनी त्यातले गुणकारी द्रव्य वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. १९२५ चा त्यांचा जन्म, मुंबई विद्यापीठात शिक्षण आणि पुढचे बहुतांश आयुष्य अमेरिकेत. नोकरीच्या काळात मी तीन वर्षे नंदुरबारला होतो, पण हे नाव मला तिथे कुणी सांगितले नव्हते. ते मला पत्नीच्या सलाईनच्या बाटलीवरच्या नावाचा माग काढताना भेटले. २०२० मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते निवर्तले, तोपर्यंत त्यांच्या औषधाने जगभरातल्या असंख्य घरांत पाऊल ठेवले होते.

हे औषध नेमके काय करते, ते न्यूयॉर्कमधील सुझन हॉरविट्झ यांच्या प्रयोगशाळेने १९७९ मध्ये दाखवले. तोवरची माहितीतली औषधे सूक्ष्मनलिका मोडणारी होती. हे मात्र त्यांना इतके घट्ट बांधते की त्या सुटतच नाहीत. परांचीच्या प्रत्येक गाठीवर कुणी सिमेंट ओतावे, तसे! चाती उभी राहते, पण तिला लांब-आखूड होता येत नाही. अलीकडच्या अभ्यासांतून असेही दिसले आहे की रुग्णाच्या गाठीत औषध ज्या प्रमाणात पोहोचते, त्या प्रमाणात पेशी नुसती अडून बसत नाही. चातीला दोनऐवजी तीन-चार टोके फुटतात, गुणसूत्रांची वाटणी चुकते आणि पुढच्या पेशी त्या चुकीने मरतात. १९९२ मध्ये अंडाशयाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

तिसरी वनस्पती माझ्या स्वतःच्या औषधांच्या डब्यात निघाली. मला गाऊट आहे. वर्षातून दोन-तीनदा पायाचा अंगठा लालबुंद होतो आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी कोल्चिसीनची गोळी घेतो. ते मूळचे कोल्चिकम या कंदाचे द्रव्य. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही ते असते आणि म्हणूनच कळलावी खाणे प्राणघातक ठरते. कोल्चिसीन ज्याला चिकटते ते पेशीतले प्रथिन कोणते, याचा शोध घेतानाच शास्त्रज्ञांच्या हाती ट्यूब्युलिन लागले. म्हणजे एकाच घरात, दोन वेगळ्या आजारांसाठी, आम्ही नवरा-बायको एकाच प्रथिनाला हात घालीत होतो.

माझ्या या अंगठ्यानेच मला कर्करोग पसरतो कसा, हे समजावले. गाऊटमध्ये सांध्यात युरिक ॲसिडचे खडे साचतात आणि त्यांच्यावर तुटून पडायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी भिंतीतून वाट काढीत चालत येतात. सूज येते ती त्यांच्यामुळे. कोल्चिसीन त्यांचा सांगाडा ढिला करते, त्यांची चाल मंदावते आणि सूज ओसरते. पेशी चालते, हे मला तेव्हा प्रथमच उमगले. पुढची कड ॲक्टिन पुढे ढकलते. कोणत्या दिशेला जायचे हे राखण्याचे, पुढच्या कडेला सामान पोहोचवण्याचे आणि मागचा पाय जमिनीपासून सोडवण्याचे काम सूक्ष्मनलिका करतात.

पांढऱ्या पेशीला चालणे नेमून दिलेले आहे. स्तनातल्या नलिकेच्या अस्तरातली पेशी मात्र शेजारणीचा हात धरून जागेवर राहण्यासाठी घडलेली असते. कर्करोगात ती हा हात सोडते, सांगाडा नव्याने जुळवते आणि लसिकावाहिनीत वा रक्तात शिरते. प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आधारापासून सुट्या केल्या असता, त्यांच्या अंगावर सूक्ष्मनलिकांच्या आधाराने लांब, केसासारखे फुटवे उगवताना दिसले आहेत. रक्तातून वाहत जाताना कुठे तरी भिंतीला चिकटायला पेशीला त्यांचा उपयोग होत असावा, असे संशोधक मानतात. माझ्या पत्नीच्या काखेतल्या दोन ग्रंथींपर्यंत त्या पेशी कशा पोहोचल्या असतील, ते मला यातून उमगले. शस्त्रक्रियेत गाठ निघून गेल्यावरही सर्व शरीरात फिरणारे औषध कशासाठी, हा आमच्या मुलीचा प्रश्नही इथेच सुटला.

ही औषधे दर वेळी यशस्वी होतातच असे नाही, आणि त्याचेही एक कारण ट्यूब्युलिनमध्ये आहे. ते एकाच साच्याचे नसते. त्यातला बीटा-तीन हा प्रकार निरोगी शरीरात मुख्यतः मज्जातंतूंच्या पेशींत सापडतो. फुप्फुस, अंडाशय, स्तन यांच्या काही गाठींत तो वाढलेला आढळतो आणि अशा गाठी पॅक्लिटॅक्सेलला कमी दाद देतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. विटाच बदलल्या, तर जुने सिमेंट नीट धरत नाही. एखाद्या रुग्णाला औषध लागू पडले नाही, तर त्यात त्याच्या पथ्याचा किंवा मनोबलाचा दोष शोधू नये, एवढे तरी यातून आपण शिकावे.

आता मी डॉक्टरीणबाईंना विचारलेल्या त्या प्रश्नाकडे येतो. मज्जातंतूंच्या पेशी विभागत नाहीत, मग त्यांना ट्यूब्युलिन कशाला हवे? तर रस्त्यांसाठी. पायाच्या अंगठ्याचा स्पर्श मेंदूकडे नेणाऱ्या पेशीचे मूळ कमरेच्या मणक्यांजवळ असते आणि तिचा तंतू तिथून अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर, जातो. शरीरातल्या सर्वांत लांब पेशींत तिची गणना होते. टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने मुळाशी तयार होतात आणि सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून, कायनेसिन नावाच्या हमालाच्या पाठीवर, पाऊल पाऊल वाहून नेली जातात. जलद माल दिवसाला साधारण चाळीस सेंटीमीटर जातो, सावकाश जाणारा अवघा काही मिलिमीटर. औषधाने रूळ गोठले की वाहतूक विस्कळीत होते. रस्ता जितका लांब, तितकी टोकाची वस्ती आधी उपाशी राहते. म्हणून पायाची बोटे आधी, मग हाताची. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखी बधिरता. मेंदूला रक्तातल्या औषधांपासून जे संरक्षण असते, ते मणक्यांजवळच्या स्पर्शपेशींना नसते. म्हणून हात-पाय हलतात, पण त्यांना जमीन कळत नाही.

हे समजल्यावर पत्नीशी बोलणे सोपे झाले. ज्या प्रथिनावर गाठ वाढते, त्यावरच तुझे पाय चालतात, असे मी तिला सांगितले. हे औषध दोघांवर एकदमच काम करणार. गाठीवर किती आणि पायांवर किती, हा हिशेब डॉक्टरांनी दर आठवड्याला नव्याने मांडायचा असतो. आपण पायांची खरी बातमी दिली नाही, तर त्यांच्या हिशेबातला एक आकडाच खोटा पडतो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, सोसलं की जास्त बरं होतं."

वाचकहो, हे वाक्य मी आपल्यासाठी मुद्दाम लिहून ठेवले आहे. आपल्या घरातल्या कितीतरी स्त्रिया, आणि पुरुषही, याच श्रद्धेवर दुखणी लपवतात. पण मुंग्या सोसल्याने औषधाचा गुण वाढत नाही.

आठव्या डोसपासून तिच्या औषधाचे प्रमाण कमी केले गेले. तरीही बटणे लागेनात, तेव्हा शेवटचे दोन डोस रद्द झाले. बाराचे दहा झाले. त्या दिवशी ती रडली. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितले की हा उपचाराचाच भाग आहे, त्यात हार काही नाही. मज्जातंतूंची इजा एका मर्यादेपलीकडे गेली तर ती कायमची राहू शकते, आणि एकटीने चालता येणे हेही आपल्याला वाचवायचे आहे. प्रत्येक रुग्णाचा निर्णय असाच होईल असे नाही. तो डॉक्टरांनी घ्यायचा आहे आणि रुग्णाने स्वतःहून एकही डोस चुकवू नये. आपले काम एवढेच की त्यांना सारे वेळेवर कळावे.

सांभाळणाऱ्यांसाठी काही गोष्टी, आमच्या अनुभवातून. "मुंग्या येतात का?" एवढेच विचारू नका, त्याला "नाही" म्हणणे सोपे असते. बटण लावायला सांगा, खिशातले नाणे न पाहता ओळखायला सांगा, चप्पल निसटते का ते पाहा आणि प्रत्येक भेटीपूर्वी ते तारखेसह वहीत लिहा. रोज रात्री चांगल्या उजेडात तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तपासा, कारण काटा लागला तरी तो कळणार नाही. अंघोळीच्या पाण्यात आधी आपला हात घाला. शेकण्याची पिशवी पायाला लावू नका. घरातसुद्धा मागे पट्टा असलेली पादत्राणे द्या. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा आणि रात्री वाटेवर मंद दिवा ठेवा. आपल्या वयात एक पडणे कर्करोगाइतकेच महाग पडू शकते.

मधुमेह असेल तर मज्जातंतू आधीच दुबळे असू शकतात. उपचारापूर्वीच ते सांगावे. मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्याची तपासणी करायची का, हेही विचारावे. बधिरता टाळणारे खात्रीचे औषध आज नाही. काही ठिकाणी सलाईन चालू असताना गार हातमोजे व मोजे घालतात आणि काही अभ्यासांत त्याचा फायदा दिसला आहे. वेदना फार असतील तर ड्युलोक्सेटिन हे औषध काहींना आराम देते. मात्र कुणी सांगितले म्हणून परस्पर पूरक गोळ्या सुरू करू नका. मज्जातंतूंचे रक्षण व्हावे म्हणून दिलेल्या ॲसिटिल-एल-कार्निटिन या पूरकाने, स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत, त्रास उलट वाढला होता. आणि उपचार संपल्यावर काही आठवडे त्रास तसाच राहिला किंवा थोडा वाढला, तर घाबरून जाऊ नका. डॉक्टरांना कळवा आणि धीर धरा. रूळ दुरुस्त व्हायला महिने लागतात.

आमच्याकडे ते महिने लागले. हाताच्या बोटांना दिवाळीनंतर हळूहळू जाग आली. पायांची बोटे अजून पुरती जागी झालेली नाहीत आणि कदाचित होणारही नाहीत. दर काही महिन्यांनी तपासणीला जातो तेव्हा दोघांच्याही पोटात गोळा येतो, तो लपवण्यात आता अर्थ वाटत नाही.

या श्रावणात तिने कापसाची पिशवी पुन्हा बाहेर काढली. बोटांना किंचित दूध लावून ती फुलवाती वळत होती. पूर्वी गप्पा मारता मारता, न पाहता वळायची. आता नजर बोटांवर ठेवून वळते, म्हणून वेळ दुप्पट लागतो. बाहेर जाताना ती मागे पट्टा असलेली सँडल घालते. माझा अंगठा सुजलेला नसेल त्या दिवशी मी वाकून तिचा पट्टा लावतो. सुजलेला असेल त्या दिवशी ती स्वतःच, पायरीवर बसून, नीट पाहत लावते आणि मी शेजारी उभा राहतो.

आपल्या घरी कुणाची केमोथेरपी चालू असेल, तर आज रात्री त्यांच्या तळपायाला हात लावून विचारा, "इथे कळतं का?" उत्तराची वाट पाहा. ते लवकर येत नाही.